फोंड्यातील बंदिस्त बेसबॉल-सॉफ्टबॉल प्रशिक्षण केंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे केंद्र फोंडा तालुक्यातील एका जुन्या गोदामात चालते. चौकशीचे बहुतेक फोन आणि निरोप माझ्याकडे येतात, कारण मुख्य प्रशिक्षकांना मराठी समजत असले तरी लिहिता येत नाही, आणि मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून इथली वही सांभाळतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आले आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे एकच खेळ ना?

मूळ एक आहे, पण आज ते दोन स्वतंत्र खेळ आहेत. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांमधील, अंतर २७.४३ मीटर असते, तर सॉफ्टबॉलमध्ये १८.२९ मीटर. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, २५.४ सेंटिमीटर उंचीच्या माउंडवर (मातीच्या उंचवट्यावर) उभा राहून १८.४४ मीटरवरून खांद्याच्या वरून चेंडू फेकतो. सॉफ्टबॉलचा पिचर सपाट जमिनीवरून, हात खालून फिरवून फेकतो, आणि त्याचे अंतर महिलांसाठी १३.११ मीटर व पुरुषांसाठी १४.०२ मीटर असते. बेसबॉलचा सामना ९ इनिंगचा आणि सॉफ्टबॉलचा ७ इनिंगचा असतो. आपल्याकडच्या शाळांत सॉफ्टबॉल अधिक रुजला आहे, कारण त्याला मैदान लहान पुरते.

२. सॉफ्टबॉलचा चेंडू मऊ असतो, मग हेल्मेटचा आग्रह कशासाठी?

नावावर जाऊ नये. पूर्वी कधीतरी तो मऊ होता, आज नाही. स्पर्धेत वापरला जाणारा सॉफ्टबॉल परिघाने साधारण ३०.५ सेंटिमीटर आणि वजनाने १७८ ते १९८ ग्रॅम असतो, म्हणजे १५६ ते १६३ ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. बेसबॉल त्या मानाने लहान आणि हलका, १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, पण तोही तेवढाच टणक असतो. जाळीत बॅट हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट घालावेच लागते, आणि हा नियम गंमत म्हणून अर्धा तास खेळायला आलेल्या मोठ्यांनाही लागू आहे.

३. हा तर मैदानी खेळ. गोदामात तो पूर्ण शिकता येतो का?

पूर्ण येत नाही. उंच उडालेला चेंडू धावत जाऊन पकडणे, बाहेरच्या मैदानातून लांब फेक करणे, वाऱ्याचा आणि उन्हाचा अंदाज घेणे या गोष्टी छपराखाली शिकवता येत नाहीत, म्हणून पावसाळा संपला की दर आठवड्यातील एक तास आम्ही बाहेरच्या मैदानावर घेतो. मात्र पिचिंग, बॅटिंग, बॅट धरणाऱ्याच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या कॅचरचे काम आणि जमिनीलगत येणारा चेंडू उचलून झटकन फेकणे या चार गोष्टी आत उत्तम शिकता येतात, कारण त्या हजारो वेळा तशाच्या तशा कराव्या लागतात. गोव्यात जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात असतात आणि त्या चार महिन्यांत शिकलेले विसरले जाते, हेच हे गोदाम घेण्यामागचे कारण होते.

सॉफ्टबॉलच्या बाबतीत तर छप्पर हे मूळ घरच म्हणावे लागेल. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबमध्ये दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या तरुणांपैकी एकाने बॉक्सिंगचा हातमोजा फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. तिथेच हजर असलेल्या जॉर्ज हॅनकॉक यांनी त्या मोज्याला चेंडूचा आकार देऊन खोलीत आखलेल्या रेषांवर खेळ सुरू केला. पहिली काही वर्षे त्याचे नावच ‘इनडोअर बेसबॉल’ असे होते.

४. मुख्य प्रशिक्षक माजी व्यावसायिक खेळाडू आहेत, म्हणजे नेमके कुठे खेळले?

ते अमेरिकेत मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतील संघांसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या पायरीच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये, पिचर होते. मेजर लीगपर्यंत ते पोहोचले नाहीत आणि हे ते पहिल्याच भेटीत स्वतः सांगतात. त्यांच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा व्रण आहे. नवीन मुले त्याकडे चोरून पाहतात, म्हणून आता तेच बाही वर करून तो दाखवतात. कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) जागी शरीराच्या दुसऱ्या भागातील कंडरा (टेंडन) बसवण्याची ती शस्त्रक्रिया आहे. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती प्रथम केली आणि तेव्हापासून ती त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते. टॉमी जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. आमचे प्रशिक्षक मात्र पूर्वीच्या वेगाने पुन्हा फेकू शकले नाहीत. या केंद्रातले अनेक नियम, विशेषतः प्रश्न ९ मधले, त्या व्रणातून आलेले आहेत.

५. कोणत्या वयापासून प्रवेश मिळतो?

वयाची ८ वर्षे पूर्ण झाल्यावर. दहा वर्षांखालील मुलांना कमी टणक चेंडू आणि लहान ग्लोव्ह दिला जातो. वरची मर्यादा नाही.

६. महिना झाला तरी मुलाच्या हातात बॅट दिलेली नाही. असे का?

ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बॅट मारायला कोणालाही आवडते आणि जाळीत पाच चेंडू लागले की मुलाला आपण खेळाडू झालो असे वाटते. पण सामन्यात एका मुलाला बॅटिंग तीन-चार वेळा मिळते, आणि चेंडू पकडून फेकण्याची वेळ कितीतरी अधिक वेळा येते. शालेय पातळीवरच्या सामन्यांतील बऱ्याच धावा चांगल्या फटक्यांनी होत नाहीत, तर चुकलेल्या फेकींनी होतात, हे मी शिक्षक असताना अनेक वर्षे मैदानाच्या कडेला उभा राहून पाहिले आहे.

म्हणून पहिले साधारण चार आठवडे केवळ पकडणे आणि फेकणे शिकवले जाते. आपल्याकडची मुले क्रिकेटमुळे दोन्ही उघड्या हातांनी चेंडू पकडायला शिकलेली असतात, त्यामुळे ग्लोव्ह घातलेला हात एकटा पुढे न्यायला त्यांचा जीव होत नाही. दुसरा हात आपोआप ग्लोव्हच्या समोर येतो आणि बोटांना मार बसतो. यावर आमचा साधा उपाय असा की पहिल्या आठवड्यात फेकणारा हात पाठीमागे, कमरेवर ठेवायचा आणि हळू टाकलेला टेनिसचा चेंडू फक्त ग्लोव्हने घ्यायचा. त्यानंतर फेक शिकवताना आधी गुडघ्यावर बसवून केवळ मनगट आणि कोपर, मग उभे राहून खांदा व कंबर, आणि शेवटी पाऊल, असा क्रम असतो. साधारण चौथ्या आठवड्याच्या शेवटी १५ मीटरवरून दहापैकी सात फेकी समोरच्या मुलाच्या छातीसमोर गेल्या की बॅट मिळते. काहींना ती दुसऱ्याच आठवड्यात मिळाली आहे, एकाला तिसऱ्या महिन्यात, आणि तो मुलगा आज इथला सर्वांत खात्रीचा कॅचर आहे.

७. माझी मुलगी क्रिकेट खेळते. इथल्या बॅटिंगने तिची फलंदाजी बिघडणार नाही ना?

काही काळ गोंधळ होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. क्रिकेटमध्ये सरळ बॅट, वाकलेले गुडघे आणि टप्पा पडून येणारा चेंडू. इथे चेंडू टप्पा न पडता येतो आणि बॅट जवळजवळ आडवी फिरते. बॅटही गोल असल्याने चेंडू थोडा वर किंवा थोडा खाली लागला की हवेत किंवा जमिनीत जातो. शिवाय क्रिकेटमध्ये यष्टीमागे मारलेल्या चेंडूलाही धावा मिळतात, इथे बॅट धरणाऱ्याच्या समोरच्या ९० अंशांच्या कोनाबाहेर गेलेला चेंडू फाउल ठरतो. फायदा होतो तो कमरेच्या फिरकीचा आणि नजरेचा. ज्या आठवड्यात क्रिकेटचे सामने असतील त्या आठवड्यात आमच्याकडे बॅट हातात घेऊ नये, केवळ पकडणे व फेकणे करावे, असा सल्ला आम्ही देतो. क्षेत्ररक्षणाला त्याचा फायदाच होतो.

८. मुलगा वेगवान गोलंदाज आहे. पिचिंग शिकला तर त्याची गोलंदाजी ‘थ्रो’ ठरेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचे मला कौतुक वाटते, कारण धोका खरा आहे. पिचिंगमध्ये कोपर वाकवून झटक्याने सरळ करणे हाच वेगाचा मोठा भाग असतो. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय नियमांत चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ करण्यास परवानगी नाही. म्हणजे एका खेळात जे कौशल्य, तेच दुसऱ्या खेळात चूक. मोठ्या वयाचे, हात पक्का झालेले खेळाडू दोन्ही वेगळे ठेवू शकतात. सोळा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला मात्र आम्ही पिचर म्हणून घेत नाही, त्याला पहिला किंवा तिसरा बेस किंवा बाहेरचे मैदान देतो. फिरकी गोलंदाजाच्या बाबतीत प्रशिक्षक आधी त्याची गोलंदाजी पाहून निर्णय घेतात.

९. एका दिवशी किती चेंडू फेकू देता? मुलाला अजून फेकायचे असते आणि तुम्ही थांबवता.

थांबवतो, आणि थांबवतच राहू. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल ही अमेरिकेतील या खेळाची राष्ट्रीय संघटना यांनी मिळून आखलेल्या ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक नियमांनुसार सामन्यात एका दिवशी ७-८ वर्षांच्या पिचरने ५०, ९-१० वर्षांच्या ७५, ११-१२ वर्षांच्या ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्या ९५ चेंडूंपेक्षा जास्त टाकू नयेत. त्याहून महत्त्वाचा भाग विश्रांतीचा आहे, आणि पालकांच्या लक्षातून तो निसटतो. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० टाकले तर दोन, ५१ ते ६५ टाकले तर तीन आणि ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस पिचिंग करायचे नसते.

हे आकडे सामन्याचे आहेत. आम्ही सरावातले पूर्ण जोराने टाकलेले चेंडूही त्यातच धरतो, कारण कोपराला सामना आणि सराव यांतला फरक कळत नाही. मोजण्यासाठी देवळाबाहेरच्या दुकानात जपासाठी मिळतो तो बोटात घालायचा काउंटर वापरतो. दोन काउंटर असतात, एक कॅचरच्या बोटात आणि एक माझ्या, आणि शेवटी दोन्ही आकडे जुळवून वहीत लिहिले जातात. जुळले नाहीत तर मोठा आकडा धरला जातो. बंदिस्त जागेचा एक दोष असा की ऊन नसते, पाऊस नसतो, अंधार पडत नाही, त्यामुळे मुलाला थकवा उशिरा जाणवतो; मैदानावर जे काम सूर्य करतो ते इथे त्या काउंटरला करावे लागते. वर्षातून किमान चार महिने, आणि त्यातले दोन-तीन सलग, पिचरचा हात पूर्णपणे पिचिंगविना ठेवला जातो. आमच्याकडे ही सुट्टी चवथीच्या आसपास सुरू होते, आणि त्या काळात बॅटिंग आणि पायांचे व्यायाम चालू राहतात.

१०. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो. मग मुलींच्या चेंडूंची मोजणी कशाला?

खालून फेकल्याने हातावर ताण येत नाही, हा समज इतका पसरला आहे की अनेक संघ एकाच मुलीला दिवसाला दोन-दोन सामने टाकायला लावतात. हात पूर्ण वर्तुळात फिरवून टाकण्याच्या या पद्धतीत खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या कंडरेवर मोठा ताण येतो. म्हणून मुलींची वही वेगळी असली तरी तिच्यात आकडे लिहिले जातातच, आणि विश्रांतीचे दिवस प्रश्न ९ प्रमाणेच पाळले जातात.

११. कर्व्ह बॉल कधी शिकवणार?

कर्व्ह बॉल म्हणजे हवेत वळणारा चेंडू. बारा वर्षांपर्यंत तो नाही; केवळ सरळ वेगवान चेंडू आणि त्याच हालचालीने टाकलेला संथ चेंडू, एवढेच. वेगातला फरक नेमका साधणारा पिचर त्या वयात कोणालाही बाद करू शकतो. त्यापुढे काय ते प्रशिक्षक ठरवतील. व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नयेत.

१२. चेंडू सोडणाऱ्या यंत्रावर ताशी १०० किलोमीटरच्या पुढे वेग का ठेवत नाही? आम्हाला खरा अनुभव हवा आहे.

खरा अनुभव वेगाने मिळत नाही, वेळेने मिळतो. १८.४४ मीटरवरून ताशी १४५ किलोमीटरने टाकलेला चेंडू होमप्लेटवर, म्हणजे बॅट धरणारा उभा असतो तिथल्या पट्टीवर, यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. यंत्र १२ मीटरवर ठेवून ताशी १०० किलोमीटरने चेंडू सोडला तरी जवळपास तेवढाच वेळ मिळतो, आणि चेंडू अंगावर लागला तर मार कमी बसतो. दुसरे कारण विजेचे आहे. यंत्रातील दोन फिरत्या चाकांमधून चेंडू सुटतो, आणि व्होल्टेज खाली आले की चाके मंदावून पुढचा चेंडू होमप्लेटच्या आधीच जमिनीवर पडतो. व्होल्टेज परत आले की त्यानंतरचा अचानक वेगाने येतो. स्टॅबिलायझर लावला आहे, तरीही दिवे मिणमिणले की बॅटरने बॅट खाली करून जाळीबाहेर यायचे, असा नियम आहे.

१३. सोबत काय आणावे? ग्लोव्ह विकत घ्यावा का?

पहिले दोन महिने काहीही घेऊ नये. सपाट रबरी तळव्याचे बूट, पाण्याची बाटली आणि टॉवेल पुरतो. कृत्रिम गवत फाटते म्हणून स्टड लावलेले बूट चालत नाहीत. मुलांनी क्रिकेटचा सेंटर गार्ड अवश्य आणावा. ग्लोव्ह घेताना लक्षात ठेवावे की तो फेकणाऱ्या हातात घालायचा नसतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात बसतो. डावखुऱ्या मुलांसाठीचे ग्लोव्ह दुकानात सहसा मिळत नाहीत आणि दुकानदार उजव्यांचाच ‘चालवून घ्या’ म्हणतात. तो चालत नाही. आमच्याकडे डावखुऱ्यांसाठी तीन ग्लोव्ह आहेत, ते आधी सांगितल्यास राखून ठेवले जातात.

१४. ग्लोव्हला बुरशी आली. उन्हात वाळवू की खोबरेल लावू?

दोन्ही करू नये. कडक उन्हाने चामडे तडकते आणि खोबरेल आत मुरून ग्लोव्ह जड व लुळा होतो. कोरड्या फडक्याने बुरशी पुसावी, ग्लोव्ह सावलीत पंख्याखाली ठेवावा आणि वाळल्यावर चामड्याचे मलम बोटावर मावेल एवढेच चोळावे. पावसाळ्यात तो पिशवीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. घरी ठेवताना खोबणीत एक चेंडू घालून वरून दोरीने सैल बांधला तर आकार टिकतो.

१५. मुसळधार पावसात पत्र्यांचा एवढा आवाज होतो. शिकवलेले ऐकू तरी येते का?

येत नाही. पहिल्या पावसाळ्यात ओरडून ओरडून प्रशिक्षकांचा घसा बसला. मग त्यांनी कॅचरच्या जुन्या खुणा वापरायला सुरुवात केली, एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, आणि त्यात आमच्या गरजेच्या खुणा मिसळल्या : कोपराला टिचकी म्हणजे कोपर वर, मांडीवर हात म्हणजे पाऊल लांब, डोक्यावर तळहात म्हणजे थांबा आणि पाणी प्या. आता मुले पाऊस नसतानाही खुणांनीच बोलतात आणि सामन्यात ही सवय उपयोगी पडते. वीज गेली तर यंत्र बंद राहते, पण टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू मारण्याचा आणि ग्लोव्हचा सराव दारांतून येणाऱ्या उजेडात चालू राहतो, म्हणून तास रद्द होत नाही.

१६. शुल्क चेंडूंवर आकारता का? चुकलेला तास परत मिळतो का?

शुल्क अर्ध्या तासाच्या हिशेबाने आहे. चेंडूंवर आकारले तर पैसे वसूल करण्यासाठी मूल घाईने फेकते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आदल्या दिवशी कळवलेला तास त्याच महिन्यात भरून दिला जातो. चवथीचे पाच दिवस केंद्र बंद असते आणि त्यांचे शुल्क घेतले जात नाही. गावची जत्रा हे कारणही धरले जाते, पण एका मुलाच्या वर्षाला चार गावच्या जत्रा होऊ लागल्यावर ती सवलत एका जत्रेपुरती ठेवावी लागली.

१७. तुमच्या प्रमाणपत्रावर दहावीला क्रीडागुण मिळतील का?

नाही. आमचे प्रमाणपत्र केवळ उपस्थितीचे आहे. गुणांसाठी मुलाने शाळेमार्फत मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळावे लागते, आणि त्याची कागदपत्रे शाळेने द्यायची असतात. शाळेत संघ नसेल तर क्रीडाशिक्षकांना माझ्याशी बोलायला सांगावे.

१८. यातून पुढे काय? कोणी भारतीय व्यावसायिक झाला आहे का?

झाले आहेत. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू २००८ साली भारतात झालेल्या वेगवान फेकीच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी मेजर लीगमधील पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांच्याशी करार केला. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात घेतला नव्हता. दोघेही मायनर लीगपर्यंतच पोहोचले. ऑलिम्पिकमध्ये दोन्ही खेळ २०२० च्या टोकियो स्पर्धेनंतर २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला परत येत आहेत, पण तिथे प्रत्येकी सहाच संघ असतील. राज्याच्या संघात जागा मिळवणे हे गोव्यातील मुलासाठी आवाक्यातले ध्येय आहे, आणि आम्ही तेवढेच बोलतो.

१९. मुलगा शाळेच्या संघातही पिचर आहे. तिथले चेंडू कोण मोजणार?

मोजणी हाताची असते, संघाची नव्हे, त्यामुळे दोन्हीकडची बेरीज एकाच वहीत व्हावी लागते. सामन्यादिवशी रात्री पालकांनी आकडा मला कळवावा. आकडा माहीत नसेल तर इनिंग सांगाव्यात; आम्ही एका इनिंगला १८ चेंडू धरतो. आकडा आलाच नाही तर तो मुलगा चार दिवस आमच्याकडे फक्त बॅटिंग करतो.

२०. कोपर थोडे दुखते आहे, पण उद्याच सामना आहे. एक दिवस गोळी घेऊन खेळू दे का?

नाही. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचे कोवळे भाग असतात आणि दुखणे ही तिथे काही बिघडत असल्याची पहिली खूण असते. गोळीने ती खूण पुसली जाते, बिघाड तसाच राहतो. त्या मुलाने उद्या पिचिंग करू नये, तिसऱ्या बेसवरूनही फेकू नये, आणि दुखणे विश्रांतीत किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. बरे वाटल्यावर परत येताना पहिल्या दिवशी दहा मीटरवरून वीस हलक्या फेकी, एवढ्यावरच थांबवले जाते. दुखते असे सांगितले तर संघातून नाव कापले जाईल, या भीतीने मुले गप्प राहतात. अशा मुलाने पालकांना न सांगता थेट मला सांगितले तरी चालेल. वहीत त्याच्या नावापुढे ‘विश्रांती’ एवढाच शब्द लिहिला जातो.